दाभण-सुतळी

आखितीला आम्ही पाचही भावंडं गावी असतो. कारखान्यांचा पट्टा पडून ऊसतोडीची माणसं परतलेली असतात, ऊन मी म्हणत असतं, आणि माय-दादांच्या नावाचा करा पुजायचा असतो. जेवणं उरकली की नाना लिंबाखाली दोन बाजा टाकतो. त्यावर अक्का, भाऊ, नाना, आप्पा आणि मी. आप्पा खरं तर काकांचा मुलगा. पण काका-काकू गेल्यावर तो आमच्याच ताटात वाढला, म्हणून पाचांत धरलेला. बसलो की थोड्या वेळात जुना वाद निघतो. एक पोतं शिवायचे पाच पैसे मिळायचे, असं अक्का म्हणते. भाऊ म्हणतो, तीन. अक्का म्हणते, हिशेब माझ्याकडं होता, तुझ्याकडं नव्हता. मग भाऊ गप्प बसतो. ज्याला बघून तालुक्यातले लोक खुर्चीवरून उठतात तो सर्जन थोरल्या बहिणीपुढं असा गप्प बसला की आम्हा बाकीच्यांना आमचं लहानपण तिथल्या तिथं परत मिळतं.

भाऊबद्दल आजवर बरंच छापून आलंय. ती कात्रणं माझ्याकडं एका वहीत चिकटवलेली आहेत. खडी फोडणाऱ्या बापाचा मुलगा, जिद्द, चिकाटी, असं सगळं त्यांत असतं, आणि त्यातलं काही खोटं नाही. पण ती वाचताना मला मायचं बोलणं आठवतं. ‘भाऊ डॉक्टर झाला’ असं माय कधीच म्हणाली नाही. ती म्हणायची, “आम्ही भाऊला डॉक्टर केलं.” मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. कर्ता ओळखा, कर्म ओळखा, असं हजारदा फळ्यावर लिहिलं. मायच्या त्या वाक्यातल्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण होतं, ते एकदा कागदावर यावं असं फार दिवस मनात होतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. सहा एकर कोरडवाहू, तेही मुरमाड. आधीच्या दोन सालांत पाऊस कसाबसा झाला होता, १९७२ मध्ये तोही झाला नाही. मी पाच वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की आडाला दोर लावून पोरांना खाली सोडायचे आणि ती तळातल्या खळग्यातून वाटीवाटीनं पाणी भरायची. आणि मिलोची भाकरी आठवते. रेशनवर मिळणारी अमेरिकेची ती लाल ज्वारी. भाकरी थापताना तिला चिरा पडायच्या, आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. माय आणि दादा खडी केंद्रावर जायचे. दिवसभर हातोडीनं दगड फोडायचे आणि मोजमाप झालं की आठवड्याचा पगार. तिथं वाटलेली सुकडी माय पदराच्या गाठीला बांधून आणायची, ती गाठ सोडताना आम्ही चौघं तिच्या अंगावर पडायचो. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मी पुढं डी. एड. करताना वाचलं. वाचताना मला ते ५० लाख दिसलेच नाहीत. मायच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या दिसल्या.

बहात्तर सालीच अक्का आणि भाऊ यांना आत्याकडं अंबाजोगाईला पाठवलं. खाणारी दोन तोंडं कमी व्हावीत, हे त्यामागचं खरं कारण. अक्का पंधराची, भाऊ तेराचा. गावातली शाळा सातवीपर्यंत. अक्कानं ती पुरी करून दोन वर्षं झाली होती. भाऊ आठवीत जायचा होता. आत्याचे यजमान मोंढ्यात एका आडतीवर हमाल होते. पेठेत मालाची आवक थंडावलेली, पण सरकारी गव्हाची आणि मिलोची पोती यायची, ती उतरवताना फाटायची, आणि रिकामं बारदान पुन्हा वापरायचं म्हणून शिवून घ्यावं लागायचं. आडतीच्या मागच्या पडवीत ते काम अक्काला मिळालं.

दाभण म्हणजे वीतभर लांबीची, टोकाला किंचित वाकलेली जाड सुई. तिच्यात सुतळी ओवायची, पोत्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर दुमडायच्या आणि चार पदरांतून दाभण पार करायचं. तळव्याला चामड्याचा तुकडा बांधला नाही तर दाभणाचा मागचा भाग हातात घुसतो. अक्का सकाळी सातला बसायची. भाऊ शाळा सुटल्यावर दप्तर घेऊन थेट पडवीत यायचा आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या शेजारी शिवायचा. पहिल्या दिवशी त्यानं भराभर दहा-बारा पोती शिवली. जास्त पोती म्हणजे जास्त पैसे, असा त्याचा हिशेब. अक्कानं त्यातलं एक उचललं, उलटं धरलं, त्यात ओंजळभर मिलो टाकला आणि हलवलं. टाक्यांच्या मधून दाणे खाली पडले. ती म्हणाली, “टाका लांब पडला की दाणा गळतो.” आणि ती सगळी पोती तिनं त्याच्याकडूनच उसवून घेतली. भाऊ रडला होता, असं अक्का सांगते. भाऊ म्हणतो, डोळ्यात बारदानाची धूळ गेली होती.

दोघांपैकी एकाला दिवसभर पडवीत बसणं भाग होतं, तरच दुसऱ्याच्या वह्या-पुस्तकांचं आणि आत्याच्या घरच्या पिठाचं भागायचं. कोणी बसायचं, हे कुणी ठरवलं नाही. ते आधीच ठरलेलं होतं. पुष्कळ वर्षांनी मी अक्काला विचारलं, तुला कधी वाईट वाटलं का गं? ती चुलीपुढं होती. म्हणाली, “सातवीला गणितात मला शंभरात ब्याण्णव होते. त्याच गुरुजींनी भाऊला शहात्तर दिले.” एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण ब्याण्णव हा आकडा तेव्हापासून माझ्याजवळ आहे, आणि वर्गात गणितात हुशार मुलगी दिसली की मी तिच्या बापाच्या घरी जाऊन बसायचे. काही बाप ऐकायचे.

१९७५ मध्ये दहावीची नवी पद्धत आली, तिच्या पहिल्याच वर्षी भाऊ पास झाला. बारावीला शास्त्र शाखेत मार्क चांगले पडले. लोक त्याला मुलाखतीत विचारतात, डॉक्टर व्हावं असं केव्हा वाटलं? त्यांना काहीतरी प्रसंग हवा असतो. आजारी आई, वेळेवर न आलेला डॉक्टर. भाऊ खरं तेच सांगतो, की त्याच्या मनात असं काही नव्हतं. डोंगरातल्या पोरानं डॉक्टर व्हावं असं मनात येण्यासाठीसुद्धा आधी एखादा डॉक्टर जवळून बघितलेला असावा लागतो. त्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी मार्कलिस्ट बघितली, फॉर्म आणला, फॉर्मचे पैसे भरले आणि धोतराचा सोगा खोचून त्याच्याबरोबर एसटीनं औरंगाबादला गेले. परत आले तेव्हा भाऊला घाटीत प्रवेश मिळाला होता. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्या सरकारी मेडिकल कॉलेजला आणि दवाखान्याला मात्र मराठवाडा अजून घाटीच म्हणतो. गुरुजी आमच्या घरी पेढे घेऊन आले, तेव्हा दादांनी त्यांना विचारलं, “किती वर्षं लागतील?” गुरुजी म्हणाले, “साडेपाच.” दादा बराच वेळ बोटं मोजत होते. किती सुगी मध्ये येतात, ते मोजत असावेत.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत भाऊ आला तो पत्र्याची पेटी घेऊन. ती त्यानं माळवदाच्या घरातल्या आतल्या खोलीत बाजेखाली ढकलली आणि कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. आम्हाला वाटलं, आत खाऊ आहे. आप्पानं दुपारी कडी काढली. आत माणसाची हाडं होती. एका सीनियरकडून निम्म्या किमतीत घेतलेला हाडांचा अर्धा संच. परीक्षेत हाड हातात देऊन विचारतात, म्हणून सुट्टीतही घोकायला आणलेला. आप्पानं जी किंकाळी फोडली ती गावाच्या वेशीपर्यंत गेली असेल. मायनं देव पाण्यात ठेवायचे बाकी ठेवले होते. आज्जी मात्र काठी टेकत आली, पेटीपुढं खाली बसली आणि मांडीचं हाड दोन्ही हातांनी उचलून बघत राहिली. म्हणाली, “कुणाचं तरी लेकरू हाय हे. उपाशी मेलेलं असंल.” त्या दिवाळीत रोज संध्याकाळी तुळशीपाशी पणती लावून झाली की आज्जी दुसरी पणती त्या पेटीवर आणून ठेवायची. भाऊ त्याच उजेडात पुस्तक उघडून बसायचा.

मराठी शाळेतून गेलेल्या पोराला तिथलं इंग्रजी झेपेना. पहिल्या वर्षी त्यानं वहीत शब्द देवनागरीत उतरवून घेतले. लेक्चरमध्ये ऐकू येईल तसे लिहायचे आणि रात्री शब्दकोशात शोधायचे. ती वही मी पाहिली आहे. ‘फेमर’, ‘टिबिया’, ‘पेरिटोनियम’. प्रत्येकापुढं मराठी अर्थ, आणि जिथं अर्थ सापडला नाही तिथं छोटंसं चित्र. पुढं मी डी. एड.ला गेले तेव्हा त्याच पद्धतीनं अभ्यास केला.

आता नानाचं सांगायला हवं, कारण कात्रणांमध्ये नाना कुठंच नाही.

कॉलेजची फी फार नव्हती. गरिबांच्या मुलांसाठीची इबीसीची सवलत होती. पण खाणावळ होती, पुस्तकं होती, ॲप्रन, बूट, एसटीचं भाडं होतं. दादांच्या कोरडवाहू रानातून रोख पैसा वर्षातून एकदा निघाला तर निघायचा. पहिल्या वर्षी म्हैस विकली. दुसऱ्या वर्षी विकायला काही उरलं नव्हतं. आमच्या भागात तेव्हाही आणि आत्ताही अशा वेळी एकच रस्ता असतो. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर ऊसतोडीला जायचं. उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुषानं ऊस तोडायचा, बाईनं वाढं बांधायचं, मोळ्या उचलून गाडीवर चढवायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. म्हणून १९७९ च्या उन्हाळ्यात नानाचं लग्न झालं. थोरला भाऊ औरंगाबादला प्रेतं चिरून शिकत होता आणि त्याच्या आधी धाकट्याच्या डोक्याला बाशिंग बांधलं. नाना अठराचा, वहिनी सोळाची. लग्नाला भाऊ आला नाही, त्याची परीक्षा होती. लग्न इतक्या घाईनं का केलं हे कळवायचं नाही, असं दादांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्याला ते कळलं दोन वर्षांनी, सुट्टीत, वहिनीच्या तोंडून. सहज बोलता बोलता ती बोलून गेली. भाऊ त्या रात्री जेवला नाही.

नाना आणि वहिनी हंगामामागून हंगाम जात राहिले. फडात पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठणं, थंडीत ओल्या उसाची पानं हातांना कापायची. एक दिवस कामाला गेलं नाही तर तो खाडा; मजुरी तर जायचीच, वर दंड कापला जायचा. वहिनीचं पहिलं लेकरू कोपीतच झालं. कारखान्याकडून हिशेबाचे पैसे आले की नाना पोस्टात जायचा आणि मनीऑर्डर करायचा. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर चार ओळी लिहायला जागा असायची. नानाला लिहायला फार येत नव्हतं. दर वेळी तो एकच लिहायचा, ‘घरी सगळे खुशाल. अभ्यास कर.’ त्या पट्ट्या भाऊच्या पाकिटात पुढं कितीतरी वर्षं होत्या, दुमडून दुमडून कापडासारख्या मऊ झालेल्या.

एमबीबीएस झालं, सर्जरीत एम. एस. करायला भाऊ घाटीतच राहिला. तेव्हा विद्यावेतन सुरू झालं आणि पहिल्याच महिन्याला त्यानं नानाला पत्र टाकलं, या हंगामाला जायचं नाही. नाना तरीही गेला, कारण आधीची उचल फिटायची होती. पुढच्या वर्षी मात्र कोयता आढ्याला अडकवला तो कायमचा.

त्या दिवसांतलं माझ्या डोळ्यांपुढं आहे ते असं. भाऊ दोन दिवसांसाठी आला की अक्काच्या शिवणयंत्रावरचं दोऱ्याचं रीळ घ्यायचा. अक्का तोवर लग्न होऊन शेजारच्याच गावात दिली होती, लोकांची झंपर शिवायची. भाऊ आला की तीही रीळ घेऊनच यायची. तो दाराशी बसायचा, दोरा दाराच्या कडीत ओवायचा आणि गाठी मारत राहायचा. दोन हातांनी, मग फक्त उजव्या हातानं, मग फक्त डाव्या. दोऱ्याचं एक टोक ताणून धरायचं, दुसरं मधल्या बोटावरून वळवून खालून ओढायचं, आणि गाठ कडीवर सपाट बसली पाहिजे, तिरकी नाही. तिरकी बसली तर सुटते. आत रक्तवाहिनीला मारलेली गाठ सुटली तर माणूस जातो, असं तो आम्हाला सांगायचा आणि बोलता बोलता हात चालूच. एकदा माय म्हणाली, “काय करूलालास रे? दाराला काय वेड लावतोस?” सकाळी उठून बघावं तर कडीवर शे-दीडशे गाठींची जाड पिवळी वेणी झालेली. अक्का ती कात्रीनं कापून काढायची, पण आधी प्रत्येक गाठीवरून बोट फिरवायची. एखादी तिरकी सापडली की दाखवायची.

पुढचं भराभर सांगते, कारण ते सगळीकडं छापलंय. ग्रामीण रुग्णालयात सरकारी नोकरी, तिथं ॲपेंडिक्स, फुटलेले अल्सर, पोळ्याच्या सणात बैलानं शिंग खुपसलेली पोटं. मग बँकेचं कर्ज काढून तालुक्याला स्वतःचा दहा खाटांचा दवाखाना. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली होती. ते तंत्र शिकायला भाऊ चाळिशीच्या उंबरठ्यावर मुंबईला गेला, आणि तिथं पुन्हा पोरांच्यात पोर होऊन बसला. दवाखाना वाढला, गाडी आली, सत्कार झाले. माझी डी. एड.ची फी त्यानं भरली, आप्पाच्या टेम्पोचं कर्ज त्यानं फेडलं, नानाच्या रानात बोअर त्यानं पाडली. भाऊबीजेला अक्कानं मात्र एका लुगड्यापलीकडं कधी काही घेतलं नाही.

एक गोष्ट छापलेल्यांत येत नाही, ती लिहिते. वहिनी तिशीत होती तेव्हा एकदा भाऊच्या दवाखान्यात आली. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. म्हणाली, “भाऊजी, पिशवी काढून टाका. टोळीतल्या बाकीच्या बायांनी काढली, त्यांची कटकट मिटली.” तपासलं तर तिला जंतुसंसर्ग होता, औषधानं बरा होण्यासारखा. फडातली घाण, पाण्याचा तुटवडा, बाळंतपणानंतर न मिळालेला आराम, त्यातून आलेला. भाऊनं तिला टेबलासमोर बसवून कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. तरुण वयात पिशवी आणि तिच्याबरोबर अंडाशयं काढली तर हाडं कशी ठिसूळ होतात, अंगाची आग कशी होते. औषधं दिली, नानालाही घ्यायला लावली. वहिनी बरी झाली. पण त्यानंतर तशा बाया येतच राहिल्या. पाळीचे चार दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड. त्यांना पिशवी म्हणजे एक नुकसानीची बाब वाटायची, आणि त्यांना तसं वाटायला लावणारे पुष्कळ होते. गरज नसेल त्या प्रत्येकीला भाऊ औषध लिहून द्यायचा. त्यातल्या कितीतरी दुसरीकडं जाऊन काढून आल्या. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा पेपरात आला त्या सकाळी भाऊनं मला फोन केला. आकडा वाचून दाखवला आणि म्हणाला, “मी किती जणींना थांबवू शकलो असेन गं?” सांगता येण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी त्याला एवढंच म्हणाले, वहिनी आत्ता माझ्या समोर अंगणात शेंगा फोडत बसली आहे.

आणि १९९३.

३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. मी माहेरी आले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी घर हललं. स्वयंपाकघरातली उतरंड कोसळली, माळवदातून माती झरझर अंगावर आली, गुरं दावी तोडायला लागली. आम्ही सगळे अंगणात पळालो आणि उजाडेपर्यंत तिथंच थांबलो. आमच्याकडं एवढ्यावर भागलं. किल्लारी आणि आजूबाजूची गावं मात्र जमीनदोस्त झाली होती. भाऊ ग्रामीण रुग्णालयातून सकाळीच जीपनं लातूरच्या दिशेनं निघाला.

तो पाचव्या दिवशी घरी आला. तोवर सारखा पाऊस होता. त्याचे कपडे अंगावरच वाळून पुन्हा भिजलेले होते. मायनं त्याच्या पायांवर कढत पाणी ओतलं. तो काही बोलला नाही. ओट्यावर उताणा पडला आणि वर बघत राहिला. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. आमचं ते माळवद दादांच्या आजोबांनी घातलेलं. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दर वर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची. शंभर वर्षं तेच चाललेलं. भाऊ उठला, पहार घेऊन शिडीनं वर चढला आणि माळवदात खड्डा पाडला. मग हात खांद्यापर्यंत आत घालून थर मोजला. खाली आल्यावर दादांना म्हणाला, “दादा, दोन हात माती आहे वर. मी जी लेकरं बघितली ना, त्यांच्या नाकातोंडात हीच माती होती. पांढरी.”

आठ हजारांच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. भूकंपापेक्षा घरांनीच जास्त मारलं, असं भाऊ म्हणायचा, आणि ती घरं आमच्याच घरासारखी होती. त्यानं त्या पाच दिवसांत काय केलं, किती हातपाय बसवले, किती कापावे लागले, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. जे केलं ते आम्ही बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दहा दिवस रजा काढली. तो, नाना आणि आप्पा, तिघांनी मिळून माळवद उतरवलं. आम्ही बायका खाली टोपल्या झेलायला. चाळीस गाड्या माती निघाली. दादा रोज सकाळी येऊन लिंबाखाली बसायचे आणि एक अक्षर न बोलता बघायचे. त्यांचा जन्म त्या छताखाली झाला होता. शेवटची तुळई खाली आली तेव्हा ते उठले, तिच्यावरून हात फिरवला आणि नानाला म्हणाले, “पत्र्याचं कर. पण दार हेच ठेव.”

दार तेच आहे. कडीही तीच.

भाऊनं गेल्या वर्षी शस्त्रक्रिया थांबवल्या. कुणी सांगितलं नाही; डावा हात किंचित थरथरतो असं त्याचं त्यालाच जाणवलं आणि त्याच आठवड्यात त्यानं थांबवलं. आता तो तरुण डॉक्टरांना शिकवायला जातो. त्यांना तो एक अभ्यास मुद्दाम सांगतो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी साडेपाचशेवर रुग्णांवर केलेला. पोट उघडून शस्त्रक्रिया झाल्यावर आतला पडदा शिवताना एक-एक सेंटिमीटरवर मोठे टाके घालायची रीत होती. त्यांनी निम्म्या रुग्णांना पाच-पाच मिलिमीटरवर, जवळजवळ आणि बारीक टाके घातले. वर्षभरानंतर बघितलं तर मोठ्या टाक्यांच्या लोकांत जखमेतून हर्निया झालेले २१ टक्के, बारीक टाक्यांच्या लोकांत १३. हे सांगून झालं की भाऊ त्या पोरांना अंबाजोगाईच्या मोंढ्यातल्या पडवीची गोष्ट सांगतो. पोत्यात ओंजळभर मिलो टाकून हलवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीची. अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं फक्त विचारलं, “पैसे किती सांगितले त्यानं? तीन का पाच?”

यंदाच्या आखितीला अक्का मायची दोन लुगडी घेऊन आली होती. एक हिरवं, एक मळकट जांभळं. वीस वर्षं पेटीत ठेवलेली. म्हणाली, वाकळ शिवते, आप्पाच्या नातवाला. लिंबाखाली लुगडी पसरली, चार बाजूंनी आम्ही चौघांनी टोकं धरली, आणि अक्कानं सुई काढली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला दूरचं चांगलं दिसतं, पण जवळचा बारीक दोरा ओवता येत नाही. तिनं दोन-तीनदा प्रयत्न केला. मग भाऊनं आपल्या बाजूच्या काठावर पाय ठेवला आणि तिच्या हातातून सुई घेतली. एका झटक्यात दोरा ओवला. सुई परत द्यायच्या ऐवजी स्वतःच शिवायला बसला. आम्ही सगळे बघत होतो. हात थरथरत होता की नाही, ते मला कळलं नाही. एक ओळ वीतभर झाली तेव्हा अक्का पुढं सरकली, आणि नजरेपेक्षा बोटांवर भरवसा असल्यासारखी तिनं ती ओळ बोटानं चाचपली. मधेच बोट थांबलं.

“इथं लांब पडलाय,” ती म्हणाली. “उसव.”

भाऊनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि सुईच्या टोकानं तो टाका अलगद वर उचलला.